पंप १७१२ ला चालला, बोट १८०७ ला: मधली ९५ वर्षं कुठे गेली?

तुमचे प्रश्न थोडक्यात असे आहेत. खाणीतलं पाणी वाफेवर १७१२ पासून उपसलं जात होतं, तर वाफेची बोट धंद्याला लागायला १८०७ का उजाडलं? पेपिन या फ्रेंच संशोधकाने १७०७ मध्येच आगबोट चालवली होती, हे खरं का? जत्रेत मिळणारी पत्र्याची बोट आत मेणबत्ती लावली की फटफट करत पाणी मागे फेकत पळते, मग मोठ्या बोटी तशाच का नाही केल्या? आणि मुंबईत वाफेचा पंप आणि वाफेची बोट या दोन्ही गोष्टींना पहिल्यांदा हात कोणी घातला?

माझी नोकरी आधी स्टीम टर्बाइनच्या जहाजांवर आणि नंतर साखर कारखान्याच्या बॉयलर हाऊसमध्ये गेली. त्यामुळे हा इतिहास मी शोधांची यादी म्हणून वाचत नाही. वजन किती, कोळसा किती आणि गळती कुठे, एवढंच आधी बघतो. या तीन प्रश्नांवरच ती ९५ वर्षं खर्ची पडली. खाणीवरच्या इंजिनाला स्वतःचं वजन उचलायचं नव्हतं, बोटीवरच्या इंजिनाला ते उचलायचं होतं. बाकीचं सगळं यातूनच निघतं.

सुरुवात पाण्यापासून करू. विहिरीवर पंप बसवलेल्या माणसाला सक्शनची मर्यादा सांगावी लागत नाही. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाण्याचा १०.३ मीटर उंच स्तंभ पेलतो. पुण्याच्या उंचीवर तो पावणेदहाच्या आत येतो. प्रत्यक्षात फूटव्हॉल्व्ह, पाइपातलं घर्षण आणि सांध्यातून शिरणारी हवा धरली तर सहा-सात मीटरच्या वर ओढायची आशा धरू नये. म्हणून तर उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं की मोटर दोरावर खाली सोडावी लागते.

थॉमस सेव्हरीने १६९८ मध्ये पेटंट घेतलं ते याच ओढीच्या जोरावर. त्याच्या यंत्रात ना पिस्टन होता ना तुळई. तांब्याचं एक बंद भांडं, त्याला खालून विहिरीचा पाइप, वरून चढत जाणारा पाइप आणि बाजूने बॉयलरमधून येणारी वाफ. भांडं वाफेने भरायचं, वाफेची तोटी बंद करायची आणि भांड्यावर बाहेरून गार पाणी ओतायचं. एक लिटर पाण्याची वातावरणाच्या दाबाला सोळाशे-सतराशे लिटर वाफ होते. ती आत गार झाली की तेवढीच जागा रिकामी पडते आणि खालचं पाणी वर येतं. इथवर यंत्र गुणी आहे. पुढे तेच पाणी भांड्यातून वर ढकलायला वाफेचा दाब वापरायचा, आणि घोळ इथे होता. ३० मीटर वर ढकलायचं तर दर चौरस सेंटीमीटरला सुमारे तीन किलो दाब हवा, आणि त्या काळचे सांधे सोल्डरचे. लंडनच्या यॉर्क बिल्डिंग्जमध्ये शहराला पाणी द्यायला असं यंत्र बसवलं, तेव्हा वाफेच्या उष्णतेने सांध्यांचं सोल्डर वितळायचं अशी नोंद आहे. बॉयलर हाताळणाऱ्या कोणालाही हे वाचून घाम फुटेल, कारण सेव्हरीच्या सुरुवातीच्या यंत्रावर सेफ्टी व्हॉल्व्हसुद्धा नव्हता. तो पेपिनने आपल्या डायजेस्टरवर, म्हणजे आजच्या प्रेशर कुकरच्या पूर्वजावर, आधीच लावून दाखवला होता!

दुसरा तोटा कोळशाचा. गरम वाफ थेट गार पाण्याच्या पृष्ठभागावर सोडली की निम्म्याहून जास्त वाफ ढकलायचं काम करण्याआधीच विरून जाते. तरी ही कल्पना मेली नाही. १८७२ मध्ये चार्ल्स हेन्री हॉलने पेटंट घेतलेला पल्सोमीटर पंप हा सेव्हरीचाच वारस होता. गाळाचं, वाळूचं पाणी उपसायला तो बरीच वर्षं वापरात होता, कारण त्यात झिजायला पिस्टनच नाही.

गंमत म्हणजे सेव्हरीला बोटींतही रस होता. पेटंटच्याच वर्षी त्याने माणसांनी फिरवायच्या वल्ह्यांच्या चाकाची बोट सुचवली होती आणि नौदलाच्या अधिकाऱ्यांनी ती नाकारली. पुढे १७०२ च्या पुस्तिकेत आपलं यंत्र जहाजांना उपयोगी पडेल असं त्याने लिहिलं, पण त्या भानगडीत आपण पडत नाही असंही लगेच म्हटलं. हातात वाफेचा पंप, डोक्यात चाकाची बोट, आणि दोन्ही जोडायला तो तयार नाही. माझ्या मते तो व्यवहारी होता. ते यंत्र बोटीवर चढवलं असतं तर बोट तरी फुटली असती नाहीतर तो तरी.

आता न्यूकोमेन. हा डार्टमथचा लोखंडी सामानाचा व्यापारी. त्याचा भागीदार जॉन कॅली. १७१२ मध्ये डडली कॅसलजवळच्या कोळशाच्या खाणीवर त्यांनी जे इंजिन उभं केलं, त्याने दाबाची भीतीच काढून टाकली. बॉयलरमध्ये दाब जवळजवळ वातावरणाइतकाच. उभ्या सिलिंडरमध्ये पिस्टन, पिस्टनला साखळी, साखळी तुळईच्या एका टोकाला, आणि दुसऱ्या टोकाला खाणीत उतरलेले पंपाचे दांडे. दांड्यांच्या वजनाने तुळई तिकडे झुकते, पिस्टन वर येतो आणि सिलिंडर वाफेने भरतो. मग सिलिंडरच्या आतच गार पाण्याची पिचकारी. वाफ विरते, पोकळी होते, आणि वरून वातावरण पिस्टनला खाली दाबतं. काम वाफ करत नाही, हवा करते. वाफेने फक्त जागा करून द्यायची.

आत पिचकारी मारायची युक्ती म्हणे अपघाताने सापडली. सिलिंडरभोवतीच्या गार पाण्याचा थेंब सोल्डरच्या एका भोकातून आत गेला आणि पिस्टन एवढ्या जोरात खाली आला की साखळी तुटली, असं मार्टेन ट्रिवाल्ड या स्वीडिश अभियंत्याने लिहून ठेवलं आहे. पिस्टनला कडेने चामडं लावायचे आणि वर पाण्याचा थर ठेवायचे. चामड्यातून गळलं तर हवेऐवजी पाणी आत जावं हा हेतू. पाणी गेलं तर थोडं नुकसान, हवा गेली तर पोकळीच होत नाही. शिवाय पाण्यात विरघळलेली हवा दर ठोक्याला सिलिंडरमध्ये साचायची. ती बाहेर टाकायला वेगळा व्हॉल्व्ह होता आणि प्रत्येक ठोक्याला तो सर्दी झाल्यासारखा फुरफुरायचा. कंडेन्सरवर, म्हणजे वाफ गार करून तिचं परत पाणी करणाऱ्या भांड्यावर, काम केलेला माणूस हे वाचून हसेल. आम्हीही व्हॅक्यूम पडला की आधी हवा कुठून शिरते तेच शोधत फिरायचो. ग्लँड बघ, जॉइंट बघ, मेणबत्ती घेऊन फ्लँजपाशी ज्योत आत ओढली जाते का बघ.

या इंजिनाचे आकडे उपलब्ध आहेत. मिनिटाला १२ ठोके, दर ठोक्याला १० गॅलन, ५१ यार्डांवरून. म्हणजे मिनिटाला साडेपाचशे लिटरच्या आसपास पाणी, ४६ मीटर उंच. गुणाकार केला की साडेपाच अश्वशक्ती येते. आज शेतावर असलेल्या पाच एचपीच्या मोटरच्या जातकुळीतलंच काम, किंबहुना सरसच. मोटरची पाच एचपी शाफ्टवर मोजतात, पंपाची कार्यक्षमता धरली की पाण्यात तीन-सव्वातीन उतरते. पण ती मोटर एक-दोन माणसं उचलतात, आणि हे इंजिन म्हणजे दोन-तीन मजली दगड-विटांची इमारत होती. इमारतीची एक भिंतच तुळईचं ओझं पेलायची. बॉयलर विटांच्या बांधकामात बसवलेला.

अशी इमारत बोटीत कशी ठेवणार? वजन सोडा, ठोका बघा. मिनिटाला बारा वेळा एकाच बाजूला जोरदार हिसका आणि परतीला काहीच नाही. खाणीतल्या पाण्याला त्याचं काही वाटत नाही. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बंद झाला की पाणी तिथेच थांबतं, पुढच्या ठोक्याची वाट बघत. दोन ठोक्यांच्या मध्ये इंजिन दहा सेकंद अडखळलं तरी बिघडत नाही. बोटीला मात्र सतत ढकल लागते, आणि लाकडी सांगाड्याला हिसके सोसत नाहीत. फळ्यांमधल्या फटी उघडतात.

कोळशाचा हिशेब तर याहून वाईट. जॉन स्मीटनने १७६९ च्या सुमारास चालू न्यूकोमेन इंजिनं मोजली. त्याच्या सरासरीवरून मी हिशेब केला तर एका अश्वशक्तीला तासाला साडेतेरा किलोच्या आसपास कोळसा पडतो. त्याने स्वतः १७७२ मध्ये सुधारलेलं इंजिन आठ किलोवर आलं. वॉटचं इंजिन चार किलोच्या घरात. आता वीस अश्वशक्तीची बोट चोवीस तास चालवायची असं धरा. जुन्या इंजिनाला साडेसहा टन कोळसा, वॉटच्या इंजिनाला दोन टनांपेक्षा थोडा कमी. खाणीच्या तोंडाशी हा फरक कोणाला टोचत नव्हता, कारण तिथे विकला न जाणारा कोळशाचा चुरा ढिगाने पडलेला असायचा. बोटीत मात्र प्रत्येक टन कोळसा म्हणजे एक टन माल कमी, आणि बोट तेवढी खोल बसणार म्हणून विरोध जास्त, म्हणून अजून कोळसा.

पेपिनकडे वळू. देनी पेपिन १६४७ चा, ब्लुआचा फ्रेंच माणूस. १६९० मध्ये त्याने सिलिंडर-पिस्टन आणि वाफ गार करून पोकळी करायची कल्पना छापली, आणि त्यातच अशा इंजिनावर वल्ह्यांची चाकं फिरवून बोट चालवता येईल असंही सुचवलं. कल्पनेचं श्रेय त्याचं, ते कोणी काढून घेऊ नये. १७०७ च्या सप्टेंबरात तो कुटुंबासकट कासेलहून फुल्डा नदीतून एका चाकाच्या बोटीने निघाला. इंग्लंड गाठायचं होतं. म्युंडेनला वेझर नदीवर वाहतुकीचा हक्क असलेल्या नावाड्यांच्या संघाने बोट अडवून मोडून टाकली. इथपर्यंत सगळं खरं. पण त्या बोटीवर वाफेचं इंजिन नव्हतं, चाकं माणसांनी फिरवायची होती. त्याच वर्षी त्याने वाफेने पाणी चढवायच्या यंत्रावर पुस्तिकाही काढली. पुढच्या लोकांनी बोट आणि पुस्तिका या दोन गोष्टी एकत्र बांधल्या, आणि नावाड्यांनी जगातली पहिली आगबोट फोडली ही चटकदार गोष्ट तयार झाली. तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: नाही, चालवली नव्हती.

न्यूकोमेनचं इंजिन बोटीवर चढवायचा कागदी प्रयत्न जोनाथन हल्सने केला. १७३६ चं पेटंट, बोट ओढणाऱ्या टगचं. दोर, कप्प्या आणि एकाच दिशेने फिरणाऱ्या दातेरी चाकांनी त्याने एकतर्फी ठोक्याचं फिरणं करून दाखवलं आहे. चित्र बघायला छान आहे. पण कोळसा आणि वजन तेच, त्यामुळे ते चित्रातच राहिलं.

फिरणं मिळवायचा दुसरा एक मार्ग होता, आणि तो मला सगळ्यात आवडतो. वाफेने पाणी वर चढवा आणि तेच पाणी पाणचक्कीवर सोडा. हे सेव्हरीनेच सुचवलं होतं. अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडच्या गिरण्यांमध्ये अशी जोडगोळी खरोखर चालत होती. इंजिन अडखळत पाणी वर टाकतं, टाकीमुळे प्रवाह सलग होतो, आणि चाक एकसारखं फिरतं. म्हणजे वाफेने यंत्रं फिरवली ती आधी पाण्यामार्फत. बोटीत टाकी, चाक आणि पाण्याचं ओझं घेऊन फिरणं परवडत नाही, एवढीच अडचण.

वॉटबद्दल फार लिहीत नाही, ते सगळीकडे मिळतं. आपल्या कामापुरतं एवढंच: ग्लासगो विद्यापीठातलं न्यूकोमेन इंजिनाचं मॉडेल दुरुस्त करताना त्याला दिसलं की दर ठोक्याला सिलिंडर तापवण्या-गारवण्यातच बरीच वाफ खर्च होते. १७६५ मध्ये त्याला वेगळ्या कंडेन्सरची कल्पना सुचली, १७६९ ला पेटंट मिळालं. पण कल्पना कागदावर असून भागत नाही, सिलिंडर गोल हवा. जॉन विल्किन्सनने १७७४ मध्ये तोफा कोरण्यासाठी काढलेल्या यंत्राने तो गोल मिळाला, आणि १७७६ मध्ये पहिली इंजिनं धंद्याला लागली. कॉर्नवॉलच्या खाणींत वॉट आणि त्याचा भागीदार बोल्टन यांची फी वाचलेल्या कोळशाच्या किमतीचा तिसरा हिस्सा होती. कोळसा वाचला म्हणजे किती, हे मोजून दाखवल्याशिवाय पैसे मिळत नसत. मेंटेनन्सच्या आजच्या कंत्राटांतही ही अट घालावी असं मला बऱ्याचदा वाटलं आहे. १७८१-८२ मध्ये फिरतं आणि दोन्ही बाजूंनी ढकलणारं इंजिन आलं. बोटीला जे हवं होतं ते इथे पहिल्यांदा मिळालं. पण १८०० पर्यंत पेटंट त्यांच्या हातात आणि इंग्लंडमधून इंजिन बाहेर न्यायला परवाना लागायचा.

फ्रान्समध्ये मार्की द जुफ्रुआने १५ जुलै १७८३ ला लियोंजवळ सोन नदीत चाकाची बोट प्रवाहाविरुद्ध पंधरा मिनिटं चालवली. पंधरा मिनिटं वाफ टिकली हेच विशेष. सांगाडा आणि बॉयलर यांनी त्यापुढे साथ दिली नाही.

आता तुमच्या जत्रेतल्या बोटीचा प्रश्न. पंप आणि बोट अगदी एकाच यंत्रात भेटतात ती जागा म्हणजे जेम्स रम्सी. अमेरिकेत पोटोमॅक नदीवर शेफर्ड्सटाउनला, ३ डिसेंबर १७८७ रोजी त्याने बोट चालवून दाखवली. त्या बोटीत ना चाक होतं ना वल्हं. वाफेच्या सिलिंडरखाली थेट पाण्याचा पंप, तळातून पाणी आत घ्यायचं आणि नळीतून मागे फेकायचं. एकतर्फी ठोका? चालतो, कारण पंपच आहे. क्रँक (मागेपुढे हालचालीचं फिरणं करणारा वाकडा दांडा) नको, चाक नको, उथळ पाण्यात दगडावर आपटून मोडायला काही नाही. बेंजामिन फ्रँकलिननेही पाणी मागे फेकून बोट चालवायची कल्पना मांडली होती आणि पुढे रम्सीला पाठबळ दिलं. बोट प्रवाहाविरुद्ध तासाला तीन-चार मैल गेली.

मग ती मागे का पडली? ढकल किती मिळते हे फेकलेल्या पाण्याचं वजन गुणिले त्याला दिलेला जादा वेग, यावर ठरतं. खर्च मात्र त्या जादा वेगाच्या वर्गावर जातो. थोडं पाणी जोरात फेकलं तर ढकल तेवढीच, खर्च कितीतरी जास्त. पुष्कळ पाणी हळू ढकलणं स्वस्त. आकड्यात सांगायचं तर बोटीच्या पाचपट वेगाने पाणी फेकलं तर आदर्श स्थितीतही शक्तीचा तिसरा हिस्साच कामी येतो. दीडपट वेगाने फेकलं तर ऐंशी टक्के. रम्सीच्या बोटीचा वेग माणसाच्या चालण्याइतका, नळी अरुंद, वरून नळीतलं घर्षण. वल्ह्यांचं रुंद चाक मोठ्या पसाऱ्याचं पाणी हलकेच मागे सारतं, म्हणून मंद बोटीला तेच बरं. बोटच जोरात पळत असेल तर गणित उलटं फिरतं. मालवणला किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर जे वॉटर स्कूटर पळतात ते पाण्याच्या जेटवरच.

पत्र्याची खेळण्यातली बोट उघडून बघा. आत चपटी पोकळ डबी आणि तिला मागे निघालेल्या बहुधा दोन नळ्या. डबीखाली मेणबत्ती. डबीतलं पाणी फुटून वाफ होते, नळीतलं पाणी मागे ढकललं जातं, मग वाफ नळीच्या गार भागात विरते आणि पाणी परत आत ओढलं जातं. सेव्हरीचंच भांडं, फक्त तोट्या काढून टाकलेल्या. जेवढं पाणी बाहेर जातं तेवढंच आत येतं, तरी बोट पुढे जाते. बाहेर जाताना पाणी एका दिशेने धारेसारखं निघतं, आत येताना चहूबाजूंनी गोळा होतं. फुंकर मारून मेणबत्ती विझते, श्वास आत ओढून विझत नाही, तसंच हे. याचं पेटंट तोमा पियो या फ्रेंच माणसाने १८९१ मध्ये इंग्लंडात मागितलं होतं. ही रचना मोठी केली तर चालेल का? हलेल, पण टनभर कोळशात बंदरही ओलांडणार नाही. डबीचा पत्रा दर ठोक्याला तापतो-गार होतो, आणि वॉटने जे नुकसान टाळलं ते सगळं इथे पुन्हा येतं. मुलांसोबत बनवणार असाल तर नळ्या आधी पाण्याने पूर्ण भरून घ्या, आत हवा राहिली तर बोट फटफट करतच नाही. डबीची तोंडं कधीही बंद करू नका.

रम्सीचा प्रतिस्पर्धी जॉन फिच. फिलाडेल्फियाला डेलावेअर नदीत २२ ऑगस्ट १७८७ ला त्याने बोट दाखवली. दोन्ही बाजूंना उभी वल्ही, इंजिनाने हलणारी, दुरून बघणाऱ्याला वाटावं आत अदृश्य नावाडी बसलेत. १७९० च्या उन्हाळ्यात त्याने वेळापत्रक लावून प्रवासी सेवाही चालवली. म्हणजे धंद्याला लागलेली पहिली आगबोट म्हणायचं तर फिचची, १८०७ ला हडसन नदीत बोट चालवणाऱ्या रॉबर्ट फुल्टनची नव्हे. तुमच्या प्रश्नातलं १८०७ त्या अर्थाने थोडं उशिराचं आहे. पण नदीला समांतर बरा रस्ता होता, घोडागाड्या चालत होत्या, आणि बोट रिकामी जायची. यंत्र चाललं, हिशेब जुळला नाही. १७९१ मध्ये फिच आणि रम्सी दोघांनाही एकाच दिवशी पेटंट दिली गेली, म्हणजे भांडण मिटवण्याऐवजी कायमचं करून ठेवलं.

अभियंता म्हणून माझं मत विचाराल तर सगळ्यात नेटकं काम विल्यम सिमिंग्टनचं. शार्लट डंडस या त्याच्या टगमध्ये सिलिंडर आडवा, दोन्ही बाजूंनी ढकलणारा, पिस्टनचा दांडा सरळ क्रँकला. मधली ती अवजड तुळई गायब. वजन खाली, झेपेल इतकं, आणि सांगाड्यावर ताण सरळ रेषेत. मार्च १८०३ मध्ये तिने प्रत्येकी ७० टनांच्या दोन बार्ज, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटी, स्कॉटलंडच्या फोर्थ अँड क्लाइड कालव्यातून साडेएकोणीस मैल ओढून ग्लासगोला आणल्या, समोरून सोसाट्याचा वारा असताना. तरीही ती बाजूला पडली, कारण लाटांनी कालव्याचे काठ ढासळतील अशी मालकांना धास्ती वाटली.

फुल्टनने नवीन काही शोधलं नाही, असं म्हणणारे बरेच भेटतात. ते खरं असलं तरी त्याने जे केलं ते इतरांनी केलं नव्हतं: आधी हिशेब. बोटीच्या आकारावर पाण्याचा विरोध किती, याच्या मार्क ब्यूफॉयच्या प्रयोगांचे तक्ते त्याने वापरले आणि त्यावरून किती शक्ती लागेल ते काढलं. वेग दुप्पट हवा तर शक्ती सुमारे आठपट लागते, हे कळल्यावर माणूस हावरटपणा करत नाही. इंजिन बोल्टन अँड वॉटचं मागवलं, सांगाडा लांब-अरुंद केला, आणि नदी अशी निवडली की जिथे प्रवासी होते, शिडाच्या बोटींना वाऱ्यावर अवलंबून दिवसचे दिवस लागायचे. भागीदार रॉबर्ट लिव्हिंग्स्टनच्या ओळखीने हडसनवरची मक्तेदारीही होती. ऑगस्ट १८०७ मध्ये न्यूयॉर्क ते ऑल्बनी हे १५० मैल ३२ तासांत. तासाला जेमतेम साडेसात किलोमीटर. पण रोज तेवढेच.

नदीत जमलं ते समुद्रात लगेच जमलं नाही, आणि याचं कारण पुस्तकांत एका ओळीत उरकलं जातं. त्या काळच्या कंडेन्सरमध्ये वाफेवर थेट पाण्याची पिचकारी मारत. नदीत ते पाणी गोडं. समुद्रात खारं. तेच मिश्रण परत बॉयलरमध्ये जायचं, आत मीठ साठत जायचं, पत्र्यावर थर धरायचा. थराखालचा पत्रा तापून लाल होतो आणि फुगतो. उपाय एकच, ठरावीक वेळाने बॉयलरमधलं गरम खारट पाणी समुद्रात सोडून द्यायचं, आणि त्याच्याबरोबर त्यातली उष्णता, म्हणजे कोळसाही. दाबही त्यामुळे वाढवता येत नव्हता. सॅम्युअल हॉलने १८३४ मध्ये नळ्यांच्या कंडेन्सरचं पेटंट घेतलं, ज्यात वाफ आणि समुद्राचं पाणी एकमेकांना शिवत नाहीत, पण तो सगळीकडे रुळायला आणखी काही दशकं गेली.

याचा फटका कसा बसायचा ते मुंबईच्या ह्यू लिंडसेवरून कळतं. जहाजं बांधणाऱ्या वाडिया घराण्याच्या हाताखाली मुंबईच्या गोदीत बांधलेली ही ४११ टनांची आगबोट, ८० अश्वशक्तीची दोन इंजिनं. २० मार्च १८३० ला ती मुंबईहून सुएझकडे निघाली. तिची रचना पाच-सहा दिवसांच्या कोळशाची, आणि एडनपर्यंतच अकरा दिवस लागणार होते. म्हणून जागा मिळेल तिथे, प्रवाशांच्या केबिनमध्येसुद्धा, कोळसा भरला. बोट ठरल्यापेक्षा कितीतरी खोल बसली. एडनला पोचली तेव्हा कोळसा तळाला गेला होता. तिथून पुढे जागोजागी आधी ठेवलेला कोळसा भरत ती २२ एप्रिलला सुएझला लागली. हा प्रश्न खरा सुटला तो दुहेरी प्रसरणाच्या, म्हणजे तीच वाफ एकापाठोपाठ दोन सिलिंडरमध्ये वापरणाऱ्या कंपाउंड इंजिनाने. आल्फ्रेड होल्टची अगामेम्नॉन १८६६ मध्ये लिव्हरपूलहून मॉरिशसला, साडेआठ हजार मैल, वाटेत कुठेही कोळसा न भरता गेली.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मात्र एकाच माणसाच्या नावात आहे: अर्देशीर कर्सेटजी वाडिया, जन्म १८०८. जहाजं बांधणाऱ्या घराण्यातला, पण ओढा यंत्रांकडे. त्याने आधी एक अश्वशक्तीचं छोटं वाफेचं इंजिन स्वतः बनवलं, विहिरीचं पाणी वर चढवायला. मग इंग्लंडहून दहा अश्वशक्तीचं इंजिन मागवून ते इंडस नावाच्या लहान बोटीत बसवलं. ही गोष्ट १८३३ ची. इंग्लंडला पंपापासून बोटीपर्यंत यायला जवळपास शतक लागलं, या पठ्ठ्याने तोच क्रम ऐन पंचविशीत उरकला. अर्थात तोवर वाट मळलेली होती, पण मुंबईत ती इंजिनं उघडून, जोडून, चालती ठेवणारे हात तयार नव्हते. पुढच्याच वर्षी त्याने माझगावच्या आपल्या घरी गॅसचे दिवे लावले. १८४१ मध्ये तो लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेचा फेलो झाला, पहिला भारतीय. त्याच सुमारास ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतल्या स्टीम फॅक्टरीचा मुख्य अभियंता म्हणून त्याची नेमणूक झाली, आणि तिथे त्याच्या हाताखाली इंग्लंडहून आलेले गोरे फिटर काम करत.